टाकीची घंटा का वाजली नाही?



भिवंडी शहराकडून खाडीच्या बाजूला निघाले की अंजूर लागते. वसईच्या मोहिमेचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना गंगाजी नाईक अंजूरकर हे नाव आठवेल. त्यांचे हे गाव. आता या भागात गोदामे उभी राहिली आहेत, मागांची खटखट ऐकू येते, तरी खाडी जवळ, पाऊस भरपूर आणि हवा ओली, हे मात्र बदललेले नाही. हे सगळे मी सुरुवातीलाच का सांगतो ते पुढे कळेल. आजच्या गोष्टीत खाडी, पाऊस आणि ओली हवा या तिघांचाही हात आहे.

तिथल्या एका घरात नववीतल्या मुलाने उन्हाळ्यात एक यंत्र बनवले होते. विहिरीवरचा पंप चालू केला, गच्चीवरची टाकी भरली, की खाली स्वयंपाकघरात घंटा वाजायची. यंत्र कसले, एका साबणाच्या डबीत बसवलेले चार-पाच सुटे भाग. पण मे महिनाभर ती घंटा इमानाने वाजली. घंटा नव्हती तेव्हा त्याची आई कामात असली तरी एक कान गच्चीकडे ठेवून असे. घंटा आली आणि तो कान निवांत झाला. जुलैत एके दिवशी पंप चालू राहिला, टाकी भरून वाहू लागली, पाणी जिन्यावरून खालच्या खोलीत उतरले आणि तांदळाची दोन पोती भिजली. घंटा वाजलीच नाही. वडील संतापले. "फेकून दे ते खेळणं," म्हणाले. मुलाने फेकले नाही. त्याने बॅटरी बदलली, घंटा बदलली, ट्रान्झिस्टर दोनदा बदलला. खाऊचे पैसे संपले, घंटा मुकीच. मग मला बोलावणे आले.

आपल्या शाळांतून पुष्कळ मुले असे काही ना काही जोडत असतात. पुस्तकातली आकृती बघून जोडतात, चालले तर टाळ्या, नाही चालले तर डबी कपाटावर. बिघाड शोधायचा कसा, हे त्यांना बहुधा कोणी दाखवत नाही. म्हणून या एका डबीची हकीगत आज सविस्तर सांगतो. शिक्षक मंडळींनी जवळ कागद-पेन्सिल ठेवली तर बरे.

आधी डबीत काय होते ते बघू. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. तिच्या धन टोकापासून निघालेली एक तार गच्चीवर टाकीत जाते आणि तिथे उघडी संपते. तिच्या शेजारी, दोन बोटांच्या अंतरावर, दुसऱ्या तारेचे उघडे टोक. ही दुसरी तार खाली येते, ४७,००० ओहमच्या एका रेझिस्टरमधून जाते आणि ट्रान्झिस्टरच्या मधल्या पायाला, म्हणजे बेसला, मिळते. ट्रान्झिस्टर बीसी ५४७ जातीचा. त्याचा एमिटर नावाचा पाय बॅटरीच्या ऋण टोकाला. तिसरा पाय कलेक्टर. धन टोक आणि कलेक्टर यांच्यामध्ये घंटा, म्हणजे छोटा बझर. पाणी चढून दोन्ही उघड्या टोकांना टेकले की पाण्यातून थोडीशी वीज बेसमध्ये जाते आणि बझर वाजतो.

ट्रान्झिस्टरचे काम पाटाच्या दारासारखे समजा. दार उचलायला हाताचा थोडा जोर पुरतो, आणि त्या जोरावर वाहते ते पाणी कितीतरी जास्त. बेसमध्ये जाणारा बारीक प्रवाह हा हाताचा जोर; कलेक्टरातून वाहणारा मोठा प्रवाह हे पाटाचे पाणी. किती पट मोठा? या जातीच्या ट्रान्झिस्टरात ११० पटीपासून ८०० पटीपर्यंत काहीही असू शकते. एकाच दुकानातून घेतलेले दोन ट्रान्झिस्टरसुद्धा सारखे निघत नाहीत. मुलाच्या डबीतला नग मीटरला लावून पाहिला, तो सुमारे २०० पटीचा होता.

आता शोधाला सुरुवात. मी पहिल्यांदा बॅटरी मोजली, पण नुसती नव्हे. थकलेली बॅटरी काही काम नसताना मीटरवर चांगली साडेआठ-नऊ व्होल्ट दाखवते आणि बझर जोडला की पाच-सहावर बसते. म्हणून बॅटरीचा दाब नेहमी तिच्यावर काम टाकून मोजावा. इथे बझर सरळ जोडून मोजला, ८.६ व्होल्ट. ठीक. त्याच वेळी मीटर ओळीत घालून बझर किती वीज खातो तेही पाहून घेतले: २० मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा पन्नासावा भाग. हा आकडा पुढे लागणार आहे. (मीटर प्रवाहावर ठेवून विसरलात आणि तसाच बॅटरीच्या दोन टोकांना लावलात तर आतला फ्यूज जातो. माझे दोन गेले आहेत.)

यानंतर सुटे भाग एकेक करून तपासत बसलो नाही. सर्किटचे मधोमध दोन तुकडे कल्पिले: डबीच्या आतला आणि डबीच्या बाहेरचा. डबीतून वर जाणाऱ्या दोन तारा डबीपाशीच एका तारेच्या तुकड्याने जोडल्या. म्हणजे पाणी जे काम करते ते मी हाताने केले. बझर खणखणीत वाजला.

या एका चाचणीने किती गोष्टी निकालात निघाल्या बघा. बॅटरी चांगली, बझर चांगला, ट्रान्झिस्टर चांगला, रेझिस्टर चांगला, आतले डाख चांगले. मुलाने पैसे घालून जे जे बदलले होते ते सगळे याच अर्ध्या भागात होते, आणि त्यात दोष नव्हताच. तो जरा खजील झाला. "काका, म्हणजे ट्रान्झिस्टर उगाच बदलला मी?" उगाच. पण ही चूक करत नाही असा माणूस मला भेटलेला नाही.

मग गच्चीवर गेलो. तिथे टाकीतली दोन उघडी टोके पक्कडीने एकत्र दाबली. खाली घंटा वाजली, आजी जिन्यातून ओरडल्या, "वाजली रे!" म्हणजे बारा मीटर तारही धड. उरले काय? उघडी टोके आणि पाणी. दोन चाचण्या, मीटर नुसते बॅटरीपुरते, आणि बिघाड चार बोटांच्या जागेत कोंडला गेला.

जुने रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर हीच युक्ती करीत. १९५६ साली पुणे केंद्रावरून युनेस्कोच्या साहाय्याने शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांचा प्रयोग झाला, पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे त्यात होती. संध्याकाळी गावकरी सेटभोवती बसत, कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर चर्चा करीत. अशा गावात सेट मुका झाला की सगळी बैठकच मोडायची. सेट दुरुस्त करणारा जाणता माणूस आला की आधी आवाजाच्या बटणापाशी, सेटच्या साधारण मध्यावर, स्क्रू-ड्रायव्हरचे टोक लावून बघे. कर्ण्यातून घूं असा आवाज आला तर तिथून कर्ण्यापर्यंतचा भाग चांगला, दोष मागे, एरियलकडच्या भागात. नाही आला तर पुढे. आठ टप्प्यांचा सेट असला तर असे तीनदा अर्धे करून एका टप्प्यावर येता येते. मात्र त्या व्हॉल्व्हच्या सेटमध्ये दोनशे व्होल्टच्या आसपास दाब असे. सवयीच्या माणसाची ती करामत होती, मुलांनी आज एखादा तसा जुना सेट उघडून करण्याची नव्हे.

आपल्या डबीत, समजा, पहिल्या चाचणीत बझर वाजला नसता तर? तर आतला भाग पुन्हा अर्धा केला असता. ट्रान्झिस्टरचे कलेक्टर आणि एमिटर हे दोन पाय क्षणभर तारेने जोडायचे. बझर वाजला तर बॅटरी आणि बझर ठीक, दोष ट्रान्झिस्टर किंवा बेसच्या बाजूला. नाही वाजला तर दोष बझर, बॅटरी नाहीतर त्यांच्या तारांत. बझरची लाल-काळी तार उलटी जोडलेली असणे हे तर रोजचेच. ट्रान्झिस्टरचे पायही उलटसुलट लागतात. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम असतो. बेसवर शंका असेल तर बेस आणि एमिटर यांच्यामधला दाब मोजा. ट्रान्झिस्टर काम करीत असताना तो ०.६ ते ०.७ व्होल्ट भरतो. कित्येक व्होल्ट दिसले तर आतला सांधा तुटला असे समजा. एक गोष्ट मात्र कधी करू नका: मधला रेझिस्टर वगळून बेस सरळ धन टोकाला लावू नका. ट्रान्झिस्टर जळतो, आणि जळताना आवाजसुद्धा करीत नाही, त्यामुळे आपण त्याला चांगलाच समजत राहतो.

असो. आपण गच्चीवर होतो. टोके बाहेर काढून पाहिली. तांब्याची तार, वर हिरवट-काळा थर चढलेला. मुलगा म्हणाला, "हेच कारण!" मीही क्षणभर तसेच धरून चाललो. तेवढ्यात आजी म्हणाल्या, "मे महिन्यात पाणी मचूळ होतं बाबा. आता पाऊस पडला, विहीर भरली, पाणी गोड झालं. तेव्हापासून हिचा आवाज बसत चालला होता."

हे वाक्य लाखमोलाचे होते. खाडीकाठच्या विहिरीला उन्हाळ्यात मचूळपणा येतो, म्हणजे पाण्यात क्षार वाढतात. वीज वाहून नेतात ते हे क्षारच. पावसाचे पाणी जवळजवळ क्षाररहित, त्यामुळे ते विजेला फार अडवते. पण आजींचे म्हणणे खरे की मुलाचे, हे वाद घालून ठरायचे नाही. मोजून ठरेल.

टाकीतले बादलीभर पाणी खाली आणले. टोके आहेत तशी त्यात बुडवली. आता पाण्याचा रोध सरळ मीटरने मोजायला गेले तर आकडा सरकत राहतो, कारण पाण्यात टोकांवर रासायनिक क्रिया चालू असते. त्यापेक्षा सोपी वाट आहे. डबीतला ४७,००० ओहमचा रेझिस्टर आपल्याला माहीत आहे आणि पाण्यातून जाणारा प्रवाहच त्याच्यातून जातो. म्हणून त्या रेझिस्टरच्या दोन टोकांमधला दाब मोजला: २ व्होल्ट. दाब भागिले रोध म्हणजे प्रवाह. २ भागिले ४७,०००, आले ०.०४ मिलिअँपिअर. हा नियम १८२७ साली ज्याने पुस्तकातून मांडला तो जॉर्ज ओहम जर्मनीत शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवणारा मास्तर होता, हे आपल्या शिक्षक श्रोत्यांना सांगायला मला आवडते.

०.०४ मिलिअँपिअरच्या दोनशे पट म्हणजे ८ मिलिअँपिअर. बझरला हवेत २०. तो वाजेल कसा?

मग टोके काचकागदाने लखलखीत घासली आणि त्याच पाण्यात बुडवली. रेझिस्टरवर ३.६ व्होल्ट. प्रवाह ०.०७७, दोनशे पटीने १५. बझरने घसा खरवडल्यासारखा आवाज काढला, बस. शेवटी बादलीत चमचाभर मीठ टाकले. रेझिस्टरवर साडेसात व्होल्ट, प्रवाह ०.१६, दोनशे पटीने ३२, आणि घंटा मे महिन्यासारखी वाजू लागली. म्हणजे मुलगाही बरोबर आणि आजीही बरोबर, पण नुसती टोके घासून काम भागले नसते. डबीतला एकही भाग बिघडलेला नव्हता. यंत्र मे महिन्याच्या पाण्यावर बेतले होते आणि जुलैच्या पाण्यात टाकले होते.

इथे बिघाड शोधण्याचे काम संपले आणि बेत आखण्याचे सुरू झाले. खरे तर मला या दोन कामांत फारसा फरक वाटत नाही. दोन्हींत प्रश्न एकच: या जागी किती दाब, किती प्रवाह असायला हवा? जोडण्याआधी विचारला तर तो आराखडा, नंतर विचारला तर ती दुरुस्ती.

पावसाळ्यात, टोके मळलेली असताना, आपल्या हाती येणारा प्रवाह ०.०४ मिलिअँपिअर. त्यातून २० काढायचे तर किमान पाचशे पट हवी, आणि थोडी शिल्लकही हवी. जास्त पटीचा ट्रान्झिस्टर निवडून आणता येईल, पण उद्या तो जळला आणि दुसरा ११० पटीचा मिळाला तर पुन्हा तेच. म्हणून दोन ट्रान्झिस्टर एकापाठोपाठ एक लावले. दोघांचे कलेक्टर एकत्र. पहिल्याचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला. दोघेही वाईटात वाईट, म्हणजे शंभर-शंभर पटीचे धरले, तरी शंभर गुणिले शंभर, दहा हजार पट. याला डार्लिंग्टन जोडी म्हणतात. त्यात एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवायची: आता दोन सांधे ओलांडायचे, म्हणून बेसवर ०.७ ऐवजी १.३ व्होल्टच्या आसपास लागतात. तांब्याच्या टोकांऐवजी गंज न धरणाऱ्या पोलादाचे दोन तुकडे लावले.

घंटा गोड्या पाण्यात खणखणीत वाजली, सगळे खूश झाले आणि मी घरी आलो.

तिसऱ्या रात्री दोन वाजता, पंप बंद, टाकी अर्धी, घंटा वाजू लागली! अख्खे घर जागे. दोष माझा होता. पट वाढवली की चाहूलही वाढते. टोके ज्या लाकडी पट्टीवर ठोकली होती ती पावसाच्या हवेत भिजली होती, आणि त्या ओलसर लाकडातून झिरपणारी वीज जोडीला पुरत होती. मोजले तेव्हा पट्टीचा रोध सुमारे वीस लाख ओहम भरला. त्यातून येतो जेमतेम ०.००४ मिलिअँपिअर, पण दहा हजारांनी गुणला की चाळीस होतात!

लाकडी पट्टी काढून पीव्हीसी नळीचा तुकडा लावला. पण प्लास्टिकवरही दव बसतेच. म्हणून बेस आणि ऋण टोक यांच्यामध्ये २,२०,००० ओहमचा एक रेझिस्टर टाकला. शेताच्या बांधाला सांडवा ठेवतो तसा. बेसवर १.३ व्होल्ट साठण्याआधी या सांडव्यातून ०.००६ मिलिअँपिअर वाहून जातो. ओलीतून येणारा ०.००४ त्यातच निघून जातो, बेसपर्यंत दाब चढतच नाही. पाणी टेकले की येणारा ०.०४ सांडव्याला भरून उरतो आणि घंटा वाजवतो. किती ठेवायचा सांडवा? ओलीपेक्षा जास्त आणि पाण्यापेक्षा बराच कमी. हे दोन्ही आकडे मोजलेले असल्याशिवाय ते ठरवता येत नाही.

आजींना कमी ऐकू येते, म्हणून घंटेबरोबर लाल दिवाही हवा होता. छोटा एलईडी दिवा बॅटरीला सरळ लावला तर क्षणात जातो. त्याला ओळीत रेझिस्टर पाहिजे. हिशेब मुलानेच केला. बॅटरीचे ९ व्होल्ट, त्यातले ०.८ ट्रान्झिस्टरच्या जोडीत जातात, २ लाल दिव्यात. उरले ६.२. दिव्याला १० मिलिअँपिअर पुरे, म्हणजे ६२० ओहम. हाताशी ६८० चा होता, निळा-करडा-तपकिरी पट्ट्यांचा. तो लावला, ९ मिलिअँपिअर मिळाले. दिवा आणि बझर मिळून २९, आणि या ट्रान्झिस्टरची मर्यादा १०० ची. निर्धास्त.

हे भाग कुठे मिळतात असे पत्राने विचारू नका म्हणून सांगतो: मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आताचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, या सामानासाठी प्रसिद्ध आहे. पण तालुक्याच्या गावी टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या फेकलेल्या पाट्यांतूनही रेझिस्टर आणि ट्रान्झिस्टर निघतात. काढल्यावर मोजून घ्यायचे, एवढेच.

मुलाने आणखी एक विचारले. "काका, घंटा वाजण्याऐवजी पंपच आपोआप बंद केला तर?" होईल. पण पंप २३० व्होल्टवर चालतो, आणि विहिरीवरची पेटी, ओले हात, ओली जमीन हे शाळकरी मुलाचे प्रयोगाचे ठिकाण नव्हे. ते काम परवानाधारक वायरमनचे. आपली डबी नऊ व्होल्टची, पंपाच्या तारांपासून वेगळी, आणि वेगळीच राहावी. शिक्षकांनी याबाबत मुलांच्या हौसेला अजिबात भीक घालू नये.

त्याऐवजी आम्ही डबीवर एक दाबायचे बटण बसवले. ते दाबले की दोन तारा डबीपाशी जोडल्या जातात, म्हणजे माझी पहिली चाचणीच. आई आता पंप चालू करण्याआधी बटण दाबते. घंटा वाजली तर डबीतले सगळे ठीक. गच्चीवरची टोके मात्र या बटणाने तपासली जात नाहीत. त्यासाठी महिन्यातून एकदा वर जाऊन टोकांखाली पाण्याने भरलेला पेला धरायचा, आणि पाणी त्या दिवशीचे, त्याच विहिरीचे घ्यायचे.

डबीच्या झाकणाच्या आत त्याने एक पुठ्ठा चिकटवला आहे. त्यावर तारीख, पाण्याची चव आणि ४७,००० ओहमच्या रेझिस्टरवरचे व्होल्ट असे तीन रकाने. चव आजी सांगतात. मी गेलो होतो तेव्हा त्यात चार ओळी भरल्या होत्या. उन्हाळ्याच्या ओळी अजून यायच्या आहेत.